गुपित नेमके कोणापासून राखायचे?

२७ मे १९६१ च्या रात्री एक सी-४७ विमान उत्तर व्हिएतनामच्या सोन ला प्रांतावर आले आणि त्यातून चार माणसे पॅराशूटने खाली उतरली. विमान चालवत होते न्गुयेन काओ की. चार वर्षांनी हेच गृहस्थ दक्षिण व्हिएतनामचे पंतप्रधान झाले. पथकाचे सांकेतिक नाव कॅस्टर. सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या, दक्षिणेची राजधानी सायगॉन इथल्या केंद्राने उत्तरेत विमानातून सोडलेले हे पहिले पथक, आणि ते काही दिवसांतच पकडले गेले. सायगॉनला याचा पत्ता लागला नाही, कारण कॅस्टरचे बिनतारी संदेश येतच राहिले. हनोईच्या, म्हणजे उत्तरेच्या सरकारच्या, सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने पकडलेल्या बिनतारीवाल्यालाच कामाला लावले होते. त्यांच्या दप्तरी या प्रकरणाचे नाव पीवाय-२७. १ जुलैला कॅस्टरसाठी रसद घेऊन निघालेले विमान निन्ह बिन्ह प्रांतात पाडले गेले आणि त्यातून वाचलेल्यांवर हनोईत जाहीर खटला चालला. तरीही सायगॉनचा कॅस्टरवरचा विश्वास ढळला नाही.

पुढच्या सात वर्षांत अशीच पन्नासहून अधिक पथके उत्तरेत उतरली. माणसे जवळपास पाचशे. बहुतेक व्हिएतनामी, त्यांतले बरेच डोंगराळ भागातल्या ताई, मुआँग, नुंग अशा जमातींचे. दीर्घ मुदतीच्या कामगिरीवर गेलेले एकही पथक परत आले नाही. काही उतरतानाच मेले, बाकीचे तुरुंगात गेले. हनोईला पथकांची नावे ठाऊक होती, संकेत ठाऊक होते, पुढचे विमान कोणत्या रात्री येणार तेही ठाऊक होते. अमेरिकी संसदेला, अमेरिकी जनतेला आणि त्या पाचशे माणसांच्या बायकांना मात्र यातले काही ठाऊक नव्हते. गुप्त कारवायांबद्दलच्या कोणत्याही वादात मला हा हिशेब आधी मांडावासा वाटतो. ज्याच्यापासून लपवायचे त्याला सगळे माहीत आणि ज्याला जाब विचारता आला असता तो अंधारात, अशी स्थिती आली की ‘राष्ट्रीय सुरक्षा’ या शिक्क्याचा उपयोग फक्त खात्याची अब्रू राखण्यापुरता उरतो. आणि ही स्थिती अपवादाने येत नाही. कामाची रचनाच अशी आहे की ती वारंवार येते.

ती कशी येते हे कळायला बिनतारी संदेशांचा खेळ जरा जवळून पाहावा लागतो.

पथकात एक बिनतारीवाला असतो. त्याच्याजवळ मोर्स पाठवणारे लहानसे यंत्र, संदेशाच्या ठरलेल्या वेळांचा आणि फ्रिक्वेन्सींचा तक्ता, आणि एकदाच वापरून जाळून टाकायच्या आकड्यांच्या वह्या. यंत्राला वीज हाताने फिरवायच्या जनरेटरमधून मिळते, म्हणजे एकाचे बोट मोर्सच्या किल्लीवर आणि दुसऱ्याचे हात दांड्यावर. संदेश जितका लांब तितकी दिशाशोधक यंत्रांच्या तावडीत सापडण्याची भीती जास्त. आता हा माणूस पकडला गेला आणि कानशिलाला पिस्तूल लावून त्याच्याकडूनच संदेश पाठवून घेतला, तर पलीकडच्याला कळावे कसे? यासाठी सुरक्षा-खूण ठरलेली असते. प्रत्येक संदेशात ठरल्या जागी ठरलेली चूक करायची. चूक आली तर सगळे ठीक. चूक न करता सरळ, शुद्ध संदेश आला तर समजायचे की माणूस शत्रूच्या हातात आहे.

कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. व्यवहारात तिला भोके पडतात. चूक ‘नसणे’ हीच धोक्याची घंटा असेल, तर थकलेला, तापाने फणफणलेला किंवा नुसता विसराळू बिनतारीवालाही ती घंटा वाजवतो. खराब हवेत निम्मी अक्षरे फुटकी येतात. त्यातली कोणती चूक मुद्दाम केलेली आणि कोणती वातावरणाने केलेली, हे ऐकणाऱ्याने कसे ठरवायचे? मग तो आपल्या शेऱ्यात ‘खूण नाही’ असे लिहितो आणि वरचा अधिकारी त्याचा अर्थ ‘हलगर्जीपणा’ असा लावतो. दुसरी गोष्ट, पकडणारेही अडाणी नसतात. खूण असते हे त्यांना माहीत असते. जुने संदेश आणि वह्या सापडल्या तर ते ताडूनही पाहतात. प्रत्येक बिनतारीवाल्याचा मोर्स पाठवण्याचा ‘हात’ वेगळा असतो, म्हणून प्रशिक्षणातच त्याचा नमुना ध्वनिमुद्रित करून ठेवतात. पण तोच माणूस तेच बोट चालवत असेल तर हाताची ओळख पटून काय उपयोग? आणि सगळ्यात मोठे भोक ऐकणाऱ्याच्या टोकाला असते. धोक्याची खूण वाचून निर्णय घेणारा अधिकारी तोच, ज्याने पथक निवडले, पाठवले आणि त्याच्या यशाचा अहवाल वर धाडला. आपलाच पेपर आपणच तपासायचा, असा हा प्रकार आहे.

हे व्हिएतनामच्या वेळी नव्याने उमगण्यासारखे नव्हते. वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये हुबेहूब हेच घडून गेले होते. ६ मार्च १९४२ रोजी हेगमध्ये ब्रिटिशांचा हस्तक ह्युबर्ट लॉवर्स बिनतारी यंत्रासह पकडला गेला. त्याची खूण अशी की प्रत्येक सोळाव्या अक्षरात चूक करायची. पाठवायच्या राहिलेल्या संदेशांत हे सोळावे अक्षर नेमके ‘स्टॉप’ या शब्दात पडत होते. लॉवर्सने डोके लढवून जर्मनांना सांगितले की ‘स्टॉप’ऐवजी ‘स्टिप’ किंवा ‘स्टेप’ लिहायचे, हीच आपली खूण. जर्मनांना ते पटले. त्यानंतर लॉवर्स खऱ्या खुणेशिवाय संदेश पाठवत राहिला, पकडलो गेल्याचे इशारेही त्याने मधल्या भरताड अक्षरांत घुसवले. लंडनने त्यातल्या कशाचीही दखल घेतली नाही. उलट आणखी माणसे पाठवली, आणि जर्मन गुप्तचर अधिकारी हर्मान गिस्केस त्यांच्या स्वागताला शेतात दिवे लावून उभा राहत गेला. पन्नासहून अधिक हस्तक असे थेट त्याच्या हातात पडले. बहुतेकांचा शेवट छळछावणीत झाला. १ एप्रिल १९४४ रोजी गिस्केसनेच उघड भाषेत लंडनला खोचक निरोप पाठवून खेळ संपवला. फ्रान्समध्ये तर याहून कडी झाली. १९४३ मध्ये पॅरिसच्या एका कैद बिनतारीवाल्याने दुसरी खूण मुद्दाम गाळली, तेव्हा लंडनने त्याला झाडले: दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी लक्ष ठेव. अशी काही दुसरी खूण असते, हे जर्मनांना लंडनकडूनच समजले.

सायगॉन केंद्राचे प्रमुख विल्यम कोल्बी स्वतः महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात पॅराशूटने उतरलेले, आधी फ्रान्समध्ये आणि मग नॉर्वेत. म्हणजे अनुभवाची वाण नव्हती. पण फ्रान्समध्ये उतरणाऱ्याला खाली कुणीतरी भेटत असे. शेतकरी होते, रेल्वे कामगार होते, प्रतिकार करणारे गट होते. उत्तर व्हिएतनाममध्ये खाली कुणीच नव्हते. घरटी नोंदवही, गावोगावी निमलष्करी पहारा, परका माणूस दिसला की वर्दी. पाठवलेले लोक तिकडचेच असले तरी १९५४ च्या फाळणीत दक्षिणेत आलेले. त्यांच्या माहितीला तोवर सात वर्षे उलटून गेली होती. विमाने चांदण्या रात्रींनाच जाऊ शकत, म्हणजे महिन्यातल्या मोजक्या रात्री, आणि डोंगरांमुळे वाटाही मोजक्याच. चार-सहा माणसे, महिनाभराचा तांदूळ आणि डोंगरात ‘प्रतिकार उभा करा’ असा आदेश. हा बेत फसायला हनोईची हुशारी फारशी लागली नसती. ती होती, हा भाग वेगळा.

जाता जाता आपल्याशी लागणारा एक धागा. ज्या कराराने १९५४ ची ती फाळणी झाली तो जिनिव्हा करार पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष भारत होता. पोलंड आणि कॅनडा हे इतर सदस्य. जून १९६२ मध्ये भारत आणि कॅनडाने बहुमताने दिलेल्या अहवालात दक्षिणेतल्या घातपाती हालचालींबद्दल उत्तरेला आणि अमेरिकेच्या लष्करी मदतीबद्दल दक्षिणेला, असा दोघांनाही दोष दिला होता. दोन्ही बाजू करार मोडत आहेत हे दिल्लीच्या टेबलावर होते.

आता मोजमापाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. या कार्यक्रमाचे यश मोजायचे कशावर? पूल किती उडाले, यावर मोजले तर उत्तर शून्याच्या आसपास. म्हणून ‘किती पथके उतरवली’ आणि ‘किती पथके संपर्कात आहेत’ हे आकडे वर जाऊ लागले. यातली दुसरी मोजणी फार घातक आहे. जे पथक खरोखर जंगलात लपतछपत हिंडत असेल त्याची बॅटरी भिजते, जनरेटर मोडतो, बिनतारीवाला दरीत पडतो आणि ते गप्प होते. जे पथक हनोईच्या कोठडीत आहे त्याला छप्पर आहे, जेवण आहे, वेळापत्रक पाळायला पहारेकरी आहे. साहजिकच त्याचे संदेश नियमित येतात. म्हणजे मोजपट्टीच अशी, की शत्रूच्या ताब्यातले पथक सर्वांत भरवशाचे ठरावे. त्या ‘भरवशाच्या’ पथकांना मग अधिक रसद आणि कुमक. टूर्बिलॉन आणि रेमस ही पथके वर्षानुवर्षे ‘चालू’ राहिली, कुमक मागत राहिली, आणि कुमक येताच बेड्या पडत राहिल्या. पथकाला परत यायला सांगितले की काहीतरी अडचण निघे: कुणी आजारी, कुठे पहारा वाढलेला, कुठे नदीला पूर. सहा वर्षांत कुणालाच परत येता येत नाही, या एका गोष्टीवरून बाहेरच्या माणसाला शंका आली असती. पण फाइल बाहेरच्या माणसाकडे जातच नव्हती.

१९६३ संपता संपता खुद्द कोल्बींची खात्री पटली होती की हे चालणार नाही. २० नोव्हेंबर १९६३ च्या होनोलुलू बैठकीत त्यांनी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारांना तसे सांगितले. मॅकनमारांचे निदान वेगळे होते: सीआयएने काम लहान प्रमाणावर केले, लष्कर ते मोठ्या प्रमाणावर करेल. १६ जानेवारी १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तरेतल्या गुप्त कारवायांच्या ‘३४-ए’ योजनेला मान्यता दिली आणि कारभार सीआयएकडून लष्कराच्या ‘अभ्यास आणि निरीक्षण गटा’कडे आला. नाव ऐकून एखाद्या विद्यापीठातला विभाग वाटावा.

या हस्तांतरणातला एक तपशील मला सगळ्या प्रकरणात सर्वांत भयानक वाटतो. सायगॉनच्या पूर्वेला लाँग थान इथे प्रशिक्षण छावणी होती. नव्या गटाला तिथे अनेक माणसे ‘वारशात’ मिळाली, काही तर पुरेशी लायकही न वाटणारी. त्यांना घरी का पाठवले नाही? पहिले प्रमुख कर्नल क्लाइड रसेल यांनी नंतर लष्कराच्या अंतर्गत इतिहासासाठी दिलेल्या माहितीत याचे कारण नोंदले गेले. या माणसांना उत्तरेतल्या मोहिमांबद्दल इतके सांगून झाले होते की दक्षिणेत मोकळे सोडणे शक्य नव्हते. मग उपाय काय? त्यांना उत्तरेतच पाठवून देणे. म्हणजे मोहिमेसाठी गुपित राखले जात नव्हते, गुपित राखण्यासाठी मोहीम काढली जात होती. आणि जे गुपित फुटू नये म्हणून या माणसांना विमानात बसवले, ते हनोईत आधीच फुटलेले होते.

याच ‘३४-ए’ची दुसरी शाखा समुद्रावर होती. नॉर्वेत बांधलेल्या वेगवान ‘नॅस्टी’ नौका दा नांगहून निघत आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर मारा करून परत येत. ३० जुलै १९६४ च्या रात्री होन मे आणि होन न्गू या बेटांवर असा हल्ला झाला. २ ऑगस्टला त्याच टापूत इलेक्ट्रॉनिक टेहळणी करणाऱ्या ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर उत्तरेच्या टॉर्पेडो नौका चालून आल्या. ४ ऑगस्टला दुसरा हल्ला झाल्याचे जाहीर झाले. ६ ऑगस्टला सिनेटर वेन मोर्स यांनी किनाऱ्यावरच्या हल्ल्यांबद्दल मॅकनमारांना छेडले. आपल्या नौदलाचा त्यात सहभाग नाही आणि त्याला त्याची माहितीही नव्हती, असे उत्तर मंत्र्यांनी दिले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा टोंकिन ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधात फक्त मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, आणि बिनतारी पाळतीतून आलेली माहिती तो झाल्याचे भासेल अशा रीतीने मांडली गेली, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले होते. ते लिखाण खुले झाले २००५ मध्ये. तोवर ५८ हजारांवर अमेरिकी सैनिकांची नावे वॉशिंग्टनच्या काळ्या दगडावर कोरून झाली होती. व्हिएतनामी मृतांचा आकडा तर लाखांत.

हनोईला बेटांवर हल्ला कोणी केला हे ठाऊक होते, मार त्यांनाच बसला होता. म्हणजे ‘३४-ए’ लपवण्याचा परिणाम झाला तो सिनेटच्या मतदानावर. हल्ला विनाकारण झाला की डिवचल्यामुळे, हे कळल्याशिवाय ५०० हून अधिक लोकप्रतिनिधींनी युद्धाचा परवाना दिला. गुप्ततेची किंमत मोजताना आपण नेहमी ‘फुटले असते तर काय झाले असते’ एवढेच विचारतो. इथे न फुटल्यामुळे काय झाले ते समोर आहे.

आता माणसांचे काय झाले ते. पकडलेल्या कमांडोंचे पगार सायगॉनमध्ये कुटुंबांना मिळत होते. वर्षे लोटली तसा पगारपत्रकावरचा बोजा वाढला. मग दर महिन्याला थोड्या थोड्या नावांपुढे ‘मृत’ लिहिण्याचा मार्ग निघाला. सगळी नावे अशी निकालात निघेपर्यंत हे चालले. लष्कराच्याच कागदांत ते नोंदलेले आहे. विधवांना, म्हणजे ज्यांचे नवरे उत्तरेच्या तुरुंगात जिवंत होते अशा बायकांना, मृत्यूनंतरची एकरकमी रक्कम दिली गेली. कित्येकींनी पुन्हा लग्ने केली. १९७३ च्या पॅरिस करारात कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा या माणसांची मागणी कुणी केली नाही. मेलेल्यांची मागणी कशी करणार? काही जण ऐंशीच्या दशकापर्यंत आत होते.

सुटून अमेरिकेत पोचलेल्या एकाने नुकसानभरपाईसाठी दावा लावला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, १८७५ च्या एका निवाड्याचा आधार घेऊन. अमेरिकी यादवी युद्धात लिंकनने महिना २०० डॉलरवर नेमलेल्या हेराचे पैसे थकले होते, त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने लावलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की हेरगिरीचा करारच गुप्त, तेव्हा त्यावर कोर्टात जाताच येत नाही. एकदा का हे तत्त्व मान्य केले की हेराला दिलेले वचन मोडणे सरकारला फुकटात पडते. पुढे नव्वदच्या दशकात कागदपत्रे खुली झाली, त्यांत पगारपत्रकांच्या या कहाण्या निघाल्या, आणि १९९६ मध्ये संसदेत जॉन केरी आणि जॉन मॅकेन यांनी तरतूद करून घेतली: प्रत्येक कैदी कमांडोला ४० हजार डॉलर. मॅकेन स्वतः साडेपाच वर्षे हनोईच्या तुरुंगात काढलेले. न्याय मिळाला तो न्यायालयात नव्हे, अभिलेखागाराच्या कपाटातून. कपाट उघडले नसते तर मिळाला नसता.

याच्या विरोधात जे म्हणता येते ते हलके नाही. पहिला आक्षेप: गुप्ततेमुळे मोठे युद्ध टळते. उघडपणे मान्य केलेल्या कारवाईला प्रतिपक्षाला उघड उत्तर द्यावेच लागते, नाकारता येण्याजोगी कारवाई दोघांनाही माघारीची वाट ठेवते. यात तथ्य आहे. पण ही सोय कारवाई चालू असेपर्यंतची आहे. पंचवीस-तीस वर्षांनी कोणाची माघार आणि कोणाची अब्रू? दुसरा आक्षेप: कागद खुले केले तर हस्तक आणि त्यांचे नातलग धोक्यात येतात. नावे झाकून कागद देता येतात, जगभर देतात. व्हिएतनामच्या प्रकरणात तर धोक्यात सापडलेल्या हस्तकांना कागद उघडल्यानेच मदत झाली.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे: अशा मोहिमा फसल्या तरी शत्रूला गुंतवून ठेवतात. याची कसोटी खुद्द त्याच गटाने घेतली. १९६७-६८ मध्ये कर्नल जॅक सिंगलॉब प्रमुख असताना पथकांची फेरतपासणी सुरू झाली आणि निष्कर्ष निघाला की सगळीच हनोईच्या ताब्यात आहेत. तेव्हा फसवणुकीची नवी योजना आखली गेली. अस्तित्वातच नसलेल्या पथकांना संदेश पाठवायचे. पॅराशूटला बर्फाच्या लाद्या बांधून जंगलात टाकायच्या: बर्फ वितळून जातो, झाडाला रिकामे पॅराशूट लोंबत राहते आणि पहारेकरी न उतरलेल्या माणसाला शोधत हिंडतात. हनोईची यंत्रणा यामुळे खरोखर बेचैन झाली, असे दिसते. म्हणजे शत्रूला गुंतवणे शक्य होते, पण पाचशे माणसांची त्यासाठी गरज नव्हती. आणि ही युक्ती सुचली ती अपयश कबूल केल्यानंतर. (याच योजनेत काही युद्धकैद्यांना हस्तक म्हणून फितवून, ते पकडले जाणार हे गृहीत धरून उत्तरेत सोडले गेले. कबुली आली म्हणून विवेकही आला, असे समजायचे कारण नाही.)

अमेरिकेने पुढे काही कायदे केले. १९७४ च्या दुरुस्तीने गुप्त कारवाईला राष्ट्राध्यक्षांची मान्यता आणि संसदेच्या समित्यांना माहिती देणे बंधनकारक झाले. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयएचे दप्तर उलगडले. त्यानंतरही ऐंशीच्या दशकात इराण-कॉन्ट्रा प्रकरण, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रे विकून निकाराग्वातल्या बंडखोरांना पैसा पुरवण्याचे, घडले, तेव्हा कायदा झाला म्हणजे झाले असे कुणी म्हणू नये. फरक एवढाच की नंतर साक्षी झाल्या आणि माणसे उभी करून प्रश्न विचारले गेले.

आपल्याकडे तेवढेही नाही. रॉ १९६८ मध्ये स्थापन झाली ती सरकारी आदेशाने. आजही तिच्या अधिकारांचा, जबाबदारीचा संसदेने केलेला कायदा नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये खासगी विधेयक आणले होते, ते पुढे सरकले नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने रॉ आणि आयबीला वगळले आहे, अपवाद भ्रष्टाचाराचा आणि मानवी हक्कांच्या भंगाचा. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण जाहीर केले, पण ते त्या मंत्रालयाखालच्या संघटनांपुरते. परक्या भूमीवरच्या गुप्त कारवाया आपणही केल्या आहेत. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ गटांना भारतात दिलेल्या प्रशिक्षणाची अधिकृत माहिती लोकांना मिळाली ती मुख्यतः जैन आयोगाच्या १९९७ च्या अंतरिम अहवालातून, म्हणजे राजीव गांधींची हत्या होऊन आयोग नेमावा लागला म्हणून. दरम्यान १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान त्याच बेटावर पडले होते, बरेचसे ज्यांना आपण कधीकाळी शिकवले त्यांच्या हातून. त्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन कोणी केले, धोक्याची सूचना कोणी दिली, ती कोणी दाबली, यावर आपल्याकडे निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत. कागद नाहीत.

आणि लिंकनच्या हेराचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयातही येऊन गेला. जयपूरच्या रेल्वे डाक सेवेतल्या एका कर्मचाऱ्याचे म्हणणे होते की सत्तरच्या दशकात त्याला हेर म्हणून पाकिस्तानात पाठवले गेले. तिथे तो पकडला गेला, शिक्षा भोगून परतला, तोवर गैरहजेरीसाठी नोकरीतून काढलेला. सरकारने त्याच्याशी संबंध नाकारला. सप्टेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने त्याला १० लाख रुपये सानुग्रह द्यायला सांगितले, त्याचा दावा खरा की खोटा यावर काही न बोलता. खंडपीठाकडे तरी दुसरे काय होते? खरे-खोटे ठरवणारा कागद ज्याच्याकडे, तोच पक्षकार.

यावर करण्याजोगे उपाय फार अवघड नाहीत. हस्तक पाठवण्याआधीच लिहून ठेवायचे की कोणत्या लक्षणांवर तो पकडला गेला असे मानायचे, आणि ती लक्षणे तपासणारा माणूस मोहिमेच्या साखळीबाहेरचा हवा, पुढचे विमान थांबवण्याचा अधिकार असलेला. ‘संपर्कात आहे’ हा यशाचा निकष कधीच धरायचा नाही. हस्तकांची एक मोहोरबंद नोंदवही खात्याबाहेर, उदाहरणार्थ निवृत्त न्यायाधीशाकडे, ठेवायची. त्यात नाव, नेमणुकीची तारीख, कबूल केलेली रक्कम आणि वारस. माणूस परतला किंवा त्याच्या घरचे दारात आले, तर ती वही बंद खोलीत उघडायची आणि पैसे द्यायचे, जाहीर कबुलीची गरज नाही. संसदेच्या पाच-सात सदस्यांची, दोन्ही बाजूंच्या, शपथबद्ध समिती नेमायची. आणि तीस वर्षांनी कागद आपोआप खुला. झाकायचा असेल तर कोणते पान, कोणत्या कारणाने आणि आणखी किती वर्षे, हे खात्याने दर वेळी लेखी मागावे. शेवटच्या कलमाला नोकरशाहीचा सर्वांत जास्त विरोध होईल, कारण त्यात नकाराचे कष्ट त्यांच्यावर येतात. सध्या ते कष्ट मागणाऱ्यावर आहेत.